सैल सोडायला शिकवणारं यंत्र

आमचं ट्रॉय म्हणजे लाकडी घोड्याचं ट्रॉय नव्हे. डेट्रॉइटच्या उत्तरेला असलेलं हे मिशिगनमधलं एक उपनगर. इथले मोठे रस्ते मैलांनी मोजतात. चौदा मैल, पंधरा मैल, आणि सोळाव्या मैलाला मात्र 'बिग बीव्हर' असं भारदस्त नाव. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्यांची ऑफिसं, आणि त्या ऑफिसांत पुण्या-नाशकाहून आलेले आमच्यासारखे इंजिनियर. माझं पोट कंट्रोल सिस्टिम्सवर चालतं. काहीतरी मोजायचं, हवं त्याच्याशी ताडून बघायचं, फरक दिसला की दुरुस्त करायचा आणि पुन्हा मोजायचं. गाडीचा क्रूझ कंट्रोल घ्या किंवा घरातली हीटिंग घ्या, सगळीकडे हीच गोल फिरणारी साखळी. या साखळीतून माणूस बाहेर काढता आला की आमचं काम फत्ते.

हीच साखळी माणसाच्या शरीराभोवती गुंडाळायची आणि त्याला शांत व्हायला शिकवायचं, या प्रकाराला बायोफीडबॅक म्हणतात. त्यातही शिकवणारा माणूस काढून त्याच्या जागी संगणक बसवायची खटपट गेली कित्येक दशकं चालू आहे. गंमत अशी की या इतिहासातली काही महत्त्वाची पानं माझ्या घरापासून तासाभराच्या ड्राइव्हवर लिहिली गेली, आणि काही लोणावळ्याला आणि परळला. दोन्ही गावं माझीच, म्हणून ही गोष्ट सांगावीशी वाटली.

आधी बायोफीडबॅक म्हणजे काय ते थोडक्यात. आपल्या कपाळाचे स्नायू किती आवळलेले आहेत, हाताची बोटं किती गार आहेत, तळव्याला किती घाम आहे, हे आपल्याला एरवी कळत नाही. समजा कपाळावर इलेक्ट्रोड लावले, तिथला काही मायक्रोव्होल्टचा विद्युतदाब मोठा केला आणि त्याचा आवाज करून कानात सोडला. स्नायू आवळले की सूर चढतो, सैल झाले की उतरतो. 'सूर उतरवा' एवढंच सांगायचं. कसा उतरवायचा ते सांगायचं नाही, कारण ते सांगणाऱ्यालाही शब्दांत सांगता येत नाही. माणूस चाचपडत राहतो आणि थोड्या बैठकांनंतर त्याला जमायला लागतं. सायकल शिकताना तोल कसा सावरायचा हे कोणी सांगत नाही, पडण्याच्या भीतीतून ते कळतं. तसंच हे, फक्त इथे पडण्याऐवजी सूर आहे.

आता लोणावळ्याकडे वळू. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, हे मूळचे शिक्षक. अमळनेरला त्यांनी अध्यापन केलं होतं. योगाबद्दल जे जे सांगितलं जातं त्यातलं किती खरं, हे यंत्र लावून बघावं असं त्यांच्या मनाने घेतलं. १९२०-२१ च्या सुमारास बडोद्याच्या इस्पितळात त्यांनी उड्डियान आणि नौली करणाऱ्यांची क्ष-किरणांनी तपासणी केली. १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केलं आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक काढलं. नौली करताना मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, हे त्यांनी दाबमापक लावून दाखवलं. त्या काळातल्या योग्यांच्या कथा आठवून बघा. हा जमिनीत पुरून घेतो, तो काळीज थांबवतो. अशा वातावरणात एक मराठी मास्तर 'आतड्यात किती मिलिमीटर दाब' असं विचारत होता.

या परंपरेचं दुसरं टोक आमच्या शेजारच्या ॲन आर्बरला सापडतं. तिथल्या मिशिगन विद्यापीठाच्या इस्पितळात मेंदूचे विद्युत आलेख काढण्याची प्रयोगशाळा बसू कुमार बागची या बंगाली शास्त्रज्ञाने नावारूपाला आणली. मेंदूतली गाठ आलेखावरून कुठे आहे हे शोधण्यावर त्यांचं महत्त्वाचं काम आहे. पण बागचींचा पूर्वेतिहास वेगळाच. १९२२ मध्ये ते स्वामी धीरानंद या नावाने अमेरिकेत आले होते, परमहंस योगानंदांचे सहकारी म्हणून. लॉस एंजेलिसच्या केंद्राचं काम त्यांनी काही वर्षं सांभाळलं. १९२९ मध्ये ते बाहेर पडले, भगवी वस्त्रं सोडली, आयोवा विद्यापीठात पीएच.डी. केली आणि इलेक्ट्रोडच्या जगात शिरले. म्हणजे ज्याने योग शिकवला, तोच पुढे योगाला तारा जोडायला निघाला.

१९५७ मध्ये बागची आणि कॅलिफोर्नियातले मानसशास्त्रज्ञ मॅरियन वेंगर हे आलेख काढणारं यंत्र बरोबर घेऊन भारतात हिंडले. कलकत्ता, मद्रास, दिल्ली आणि आपलं लोणावळा. काळीज थांबवतो म्हणणाऱ्या योग्यांच्या छातीवर त्यांनी इलेक्ट्रोड लावले. दिल्लीचे डॉ. बी. के. आनंद यांच्यासह लिहिलेला त्याचा अहवाल १९६१ मध्ये छापून आला. योगी श्वास कोंडून छाती-पोटाचे स्नायू जोराने आवळत. त्यामुळे हृदयाकडे परतणारं रक्त कमी व्हायचं, मनगटावरची नाडी लागेनाशी व्हायची, आणि स्टेथोस्कोपमध्ये हृदयाचे ठोके स्नायूंच्या आवाजात बुडून जायचे. डॉक्टरांना वाटायचं, थांबलं काळीज! आलेखावर मात्र हृदय बिनबोभाट चालू. एका योग्याने ठोके संथ केले हे खरं, पण थांबवले कोणीच नाहीत.

पण त्याच दौऱ्यात त्यांना एक असा योगी भेटला की जो सांगितल्यावर काही मिनिटांत कपाळावर घाम आणून दाखवत असे. हिमालयातल्या गुहेत हिवाळे काढताना थंडीपासून बचाव म्हणून तो उष्णतेची कल्पना करत बसायचा. ती सवय अंगात भिनली आणि घाम येऊ लागला. हा घाम यंत्रानेही मान्य केला. शिकवायला यंत्र नव्हतं. होती ती थंडी, वेळ आणि चिकाटी. मला ही दोन्ही निरीक्षणं बरोबरीची वाटतात. यंत्र लबाडी पकडतं आणि खरी करामतही नोंदवतं. ते कोणाचीच बाजू घेत नाही.

साधारण याच सुमारास, १९५८ च्या आसपास, शिकागोमध्ये जो कामिया यांनी एक साधा प्रयोग केला. डोळे मिटून बसलेल्या माणसाच्या मेंदूत अल्फा लहरी आहेत की नाहीत हे त्यानेच ओळखायचं. घंटी वाजली की उत्तर द्यायचं, आणि ते चूक की बरोबर हे लगेच सांगितलं जायचं. पहिल्या दिवशी नाणेफेकीइतकंच यश. काही दिवसांत मात्र कित्येकांची उत्तरं बहुतेक बरोबर येऊ लागली. पुढे कॅन्ससमधल्या मेनिंजर फाउंडेशनमध्ये एल्मर आणि ॲलिस ग्रीन या दांपत्याने हाताची बोटं ऊबदार करायला शिकवून अर्धशिशीवर उपचार सुरू केले. १९७० मध्ये त्यांच्याकडे स्वामी राम आले आणि त्यांनी एकाच तळहाताच्या दोन बाजूंच्या तापमानात सुमारे दहा अंश फॅरनहाइटचा फरक पाडून दाखवला. १९६९ मध्ये सांता मोनिकाला या मंडळींची संस्था स्थापन झाली आणि 'बायोफीडबॅक' हा शब्द रूढ झाला.

या उत्साहाला एक काळी किनारही आहे आणि तिचाही धागा ॲन आर्बरपर्यंत येतो. रॉकफेलर विद्यापीठात नील मिलर आणि लिओ डिकारा यांनी उंदरांना क्युरारे देऊन त्यांचे सगळे स्नायू लुळे केले आणि तरीही बक्षीस देऊन त्यांना हृदयाची गती बदलायला शिकवली, असं त्यांचे निबंध सांगत होते. स्नायूंची मदत नसताना हृदय शिकतं, म्हणजे केवढी मोठी गोष्ट! बायोफीडबॅकचा सैद्धांतिक पायाच तो. पुढे तेच प्रयोग पुन्हा करायला गेल्यावर परिणाम दिसेना. डिकारा तोवर मिशिगन विद्यापीठात आले होते. १९७६ मध्ये त्यांचं निधन झालं. मिलर आणि बॅरी ड्वॉर्किन यांनी वर्षानुवर्षं खटपट केली आणि अखेर १९८६ मध्ये 'आम्हाला तो परिणाम पुन्हा मिळत नाही' असं स्वतःच छापून टाकलं. स्वतःचाच पाया काढून घ्यायला धैर्य लागतं. मिलरांबद्दल आदर वाटतो तो यासाठी.

पाया डळमळला तरी इमारत पडली नाही, कारण उपचार करणाऱ्यांना उंदरांशी देणंघेणं नव्हतं. त्यांच्यासमोर रोगी होते. इथे परळचं नाव येतं. के.ई.एम. रुग्णालयातले हृदयविकारतज्ज्ञ डॉ. के. के. दाते यांनी १९६९ मध्ये 'अँजिओलॉजी' या नियतकालिकात शवासनावर निबंध छापला. सहलेखकांमध्ये कैवल्यधामाचे विनेकर होते. म्हणजे लोणावळ्याचा योग आणि परळचं रक्तदाबाचं यंत्र एकत्र आलं. ४७ रोगी, सगळे उच्च रक्तदाबाचे. दहा जणांना औषध चालू नव्हतं, बावीस जणांचा दाब औषधांनी आटोक्यात होता आणि पंधरा जणांचा औषधं घेऊनही नव्हता. रोज अर्धा तास उताणं पडायचं, अंग सैल सोडायचं, पोटाने संथ श्वास घ्यायचा, आणि नाकपुडीत आत जाणारी हवा गार व बाहेर येणारी गरम लागते तिकडे लक्ष ठेवायचं. औषध न घेणाऱ्या गटाचा सरासरी दाब १३४ वरून १०७ वर आला. औषधांवर असलेल्या बऱ्याच जणांचे डोस कमी करता आले. तुलनेसाठी शवासन न करणारा वेगळा गट नव्हता, ही त्या अभ्यासाची मर्यादा. पण नीट बघा, या शवासनातही बायोफीडबॅक आहेच. सेन्सर म्हणजे नाकपुडीची त्वचा, आणि संकेत म्हणजे गार-गरम. वायर नाही, बॅटरी नाही.

लंडनमधल्या भारतीय वंशाच्या डॉ. चंद्रा पटेल यांनी पुढचं पाऊल टाकलं. शवासनासारखं शिथिलीकरण आणि त्याच्या जोडीला त्वचेचा विद्युतरोध ऐकवणारं यंत्र. घाम कमी, रोध जास्त, सूर खाली. १९७३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये २० रोग्यांचा अनुभव आला. मग १९७५ मध्ये ३४ रोग्यांची चिठ्ठ्या टाकून दोन गटांत विभागणी केलेला अभ्यास. सहा आठवड्यांत उपचारगटाचा दाब १६८/१०० वरून १४१/८४ वर आला. नुसतं 'आरामात पडून राहा' असं सांगितलेल्या गटाचा १६९/१०१ वरून १६०/९६ वर. नंतर त्या दुसऱ्या गटालाही तेच शिकवलं, तर तोही खाली आला. दातेही पुढे बायोफीडबॅककडे वळले आणि रक्तदाब व ताणावरच्या त्याच्या उपयोगाबद्दल त्यांनी १९८० मध्ये लिहिलं.

पटेलबाईंचे आकडे बघून इंजिनियरच्या मनात पहिला प्रश्न येतो तो हा : दाब उतरवला कोणी? यंत्राने, शवासनाने, की आठवड्यामागून आठवडे त्या रोग्यांकडे लक्ष देणाऱ्या डॉक्टरने? तिन्ही एकाच पुडीत बांधलेले होते. पुडी सोडवायची तर एकेक गोष्ट काढून बघायला हवी. आणि काढायला सगळ्यात मोहाची गोष्ट कोणती? अर्थातच पगार घेणारा माणूस.

या माणसाचं काम नेमकं काय होतं ते बघू. १९६९ मध्ये कोलोरॅडोतल्या बुडझिन्स्की आणि स्टॉयव्हा यांनी कपाळाच्या स्नायूंसाठी जे उपकरण वर्णिलं, त्या जातीच्या यंत्रात तारा, ॲम्प्लिफायर आणि सूर होता. पण शेजारी माणूसही लागायचा. तो रोग्याकडे बघायचा आणि बटण फिरवून सीमा ठरवायचा. या पातळीच्या खाली आलास तर घंटी. जमू लागलं की सीमा थोडी खाली. रोगी वैतागलेला दिसला की सीमा जरा वर, म्हणजे त्याला यश मिळेल. तालमीत वस्ताद जसा पोराच्या दमाकडे बघून जोर वाढवतो, तसं.

संगणकाने पहिल्यांदा मोजण्याचं काम घेतलं. १९६२ मध्ये एम.आय.टी.च्या लिंकन लॅबमध्ये वेस्ली क्लार्क आणि चार्ल्स मॉलनार यांनी लिंक नावाचा छोटा संगणक केला, तोच मुळी जीवशास्त्राच्या प्रयोगशाळांसाठी. शरीराकडून येणारे संकेत थेट आत घ्यायचे आणि पडद्यावर दाखवायचे, ही सोय त्यात होती. १९६५ मध्ये पीडीपी-८ आला, किंमत १८ हजार डॉलर. त्या काळात तो स्वस्त समजला जायचा! अशी यंत्रं विद्यापीठांपुरतीच राहिली. घरात संगणक आला तो १९७७ मध्ये, ॲपल-२ च्या रूपाने.

ॲपल-२ ची एक गोष्ट मला फार आवडते. खेळ खेळण्यासाठी त्याला फिरवायचे पॅडल जोडता येत. पॅडल म्हणजे आत एक बदलता रोध, आणि संगणक त्याचं ० ते २५५ मध्ये रूपांतर करायचा. आता रोध पॅडलचाच असायला हवा असं थोडंच आहे? त्याच्या जागी तापमानाप्रमाणे रोध बदलणारा थर्मिस्टर लावा, की झाला बोटाचा थर्मामीटर. पिंगपाँग खेळायच्या भोकातून शरीर संगणकात शिरलं. १९७९ मध्ये 'बाइट' मासिकात स्टीव्ह सिआर्शिया यांनी घरच्या संगणकाला बायोफीडबॅक कसा जोडायचा हे सर्किटसह सांगितलं. १९८४ मध्ये सिनॅप्स या गेम बनवणाऱ्या कंपनीने 'रिलॅक्स' नावाचा संच बाजारात आणला. कपाळाला पट्टा, संगणकाला वायर आणि पडद्यावर आपल्या ताणाचा आलेख. शेजारी बसणारा माणूस गायब.

पण मग सीमा कोण फिरवणार? प्रोग्रॅम. आणि खरी मेख इथे आहे. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला सोपा वाटणारा नियम असा : गेल्या मिनिटभराची सरासरी बघायची आणि सीमा अशी ठेवायची की माणसाला सत्तर टक्के वेळा घंटी मिळेल. फार सोपं नाही, फार अवघड नाही. दिसायला किती शहाणा नियम! आता गणित करू. समजा कपाळाचा ताण १० मायक्रोव्होल्ट आहे, सीमा त्याच्या आसपास. माणूस सैल होऊन ६ वर आला, सीमाही खाली आली. छान. पण त्याला उद्याची मीटिंग आठवली आणि ताण १४ वर गेला. प्रोग्रॅम बघतो की घंट्या कमी झाल्या, म्हणून सीमाही १४ पर्यंत चढवतो. घंटी पुन्हा पूर्वीइतकीच वाजायला लागते. माणूस आवळला जातोय आणि यंत्र शाबासकी देतंय. सगळ्यांना पास करणाऱ्या मास्तरासारखं. मेंदूच्या लहरींच्या प्रशिक्षणात आपोआप सरकणाऱ्या सीमेवर ही टीका जाणकार आजही करतात. आमच्या धंद्यात बोलायचं तर चुकीची गोष्ट आटोक्यात ठेवली. ताण आटोक्यात ठेवायचा होता, ठेवला घंट्यांचा आकडा.

वस्तादही सीमा वर नेतो, मग फरक काय? फरक एवढाच की वर का नेली हे त्याला माहीत असतं. पोरगा दमलाय म्हणून, की अळंटळं करतोय म्हणून. प्रोग्रॅमला दोन्ही सारखेच दिसतात.

आता पुन्हा आमच्या भागात येऊ. डेट्रॉइट शहरात लाफायेट क्लिनिक नावाचं सरकारी मनोरुग्णालय आणि संशोधनकेंद्र होतं. राज्य सरकारने १९९२ मध्ये ते बंद केलं. तिथे रॉबर्ट फ्रीडमन रेनॉज नावाच्या विकारावर काम करत होते. या विकारात गारठ्याने किंवा ताणाने बोटांच्या रक्तवाहिन्या एकदम आकसतात, बोटं पांढरी, मग निळी पडतात आणि ठणकतात. मिशिगनच्या हिवाळ्यात दुकानाच्या दारापासून गाडीपर्यंत जाताना चावी धरता येऊ नये, असा प्रकार. फ्रीडमन आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये ३२ रोग्यांचा अभ्यास छापला. काहींना बोटाचं तापमान वाढवायला शिकवलं, काहींना तेच पण बोट गार केलं जात असताना, आणि उरलेल्यांना स्नायू सैल करणं किंवा स्वयंसूचना. तापमान शिकलेल्यांचे झटके ६६.८ टक्क्यांनी कमी झाले. गारठ्यात शिकलेल्यांचे तब्बल ९२.५ टक्क्यांनी. नुसतं शांत व्हायला शिकलेले शांत झाले, पण झटके फारच कमी प्रमाणात हटले. गाडी थंडीत चालवायची तर चाचणीही थंडीच्या खोलीत घ्यायची, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक. फ्रीडमननी तेच बोटाच्या बाबतीत केलं.

त्याहून धक्कादायक १९८८ चा प्रयोग. सगळ्यांची समजूत अशी होती की शांत झालं की रक्तवाहिन्या आवळणाऱ्या मज्जातंतूंचा जोर ओसरतो, म्हणून बोट गरम होतं. फ्रीडमननी एका बोटाच्या नसा भूल देऊन बंद केल्या. तरीही यंत्रावर शिकलेला माणूस ते बोट गरम करू शकला! म्हणजे इथला मार्ग मज्जातंतूंचा नव्हताच. बोट गरम होणं आणि मन शांत होणं या वेगळ्या गोष्टी असू शकतात. यंत्र प्रामाणिकपणे बोटाचं तापमान सांगत होतं. 'म्हणजे तू शांत झालास' हे आपण त्याच्या तोंडी घातलं होतं.

इथे थोडा माझा अनुभव. २००८-०९ चा हिवाळा डेट्रॉइटच्या आसपास राहिलेल्या कोणालाच विसरता येणार नाही. जनरल मोटर्स आणि क्रायस्लर दोन्ही २००९ मध्ये दिवाळखोरीत गेल्या. आमच्या मजल्यावर दर शुक्रवारी कोणाचं तरी टेबल रिकामं व्हायचं. व्हिसावर असलेल्यांच्या झोपेचं तर विचारूच नका. त्या दिवसांत मी बोटाला लावून संगणकाला जोडायचं एक उपकरण आणलं. रात्री मुलं झोपल्यावर बसलो. पडद्यावर ९० अंश फॅरनहाइट. 'वाढवा' अशी सूचना आली आणि आकडा घसरू लागला. ८९, ८७, ८५. जितकं मनापासून वाढवायला जावं तितकं बोट गार. बायको मागून बघत होती. ती म्हणाली, "अहो, परीक्षेला बसल्यासारखे काय बसलाय? खांदे बघा तुमचे." खांदे कानाला लागले होते. ते खाली सोडल्यावर घसरण थांबली. उपकरणाला खांदे दिसत नव्हते, तो त्याचा दोष नाही. त्याला फक्त बोट दिलं होतं.

हे एकट्या माझ्या बोटाचं नाही, हे बऱ्याच वर्षांनी वाचनात आलं. रेनॉजवर अमेरिकेत ३१३ रोग्यांचा मोठा, अनेक केंद्रांवरचा अभ्यास झाला. एका बाजूला निफेडिपिन ही गोळी, दुसऱ्या बाजूला तापमानाचा बायोफीडबॅक, आणि दोन्हींना तुलनेसाठी नकली जोड. २००० साली निकाल आला. गोळीने झटके स्पष्ट कमी झाले, बायोफीडबॅकचा फायदा दिसला नाही. फ्रीडमनच्या ९२.५ टक्क्यांचं काय झालं? पुढच्याच वर्षी त्याच अभ्यासातल्या प्रशिक्षणाचा हिशेब छापून आला. तापमानगटातल्या ८१ जणांपैकी फक्त ३४.६ टक्के लोक बोट गरम करायला शिकले होते. म्हणजे दोन-तृतीयांश लोकांना औषध पोटात गेलंच नव्हतं, आणि आपण औषध गुणकारी आहे का ते तपासत होतो. कोण शिकलं आणि कोण नाही, हे कशावर ठरलं? रोग किती तीव्र यावर नाही. माणसाची चिंता, अडचणीला तोंड देण्याची त्याची पद्धत, स्त्री की पुरुष, आणि तो कोणत्या केंद्रावर शिकला यावर. बायोफीडबॅक सुरू होताच रक्तवाहिन्या आकसतात हेही त्यात दिसलं. आणि सुरुवातीच्या बैठकांत थोडं यश मिळालं तरच पुढे जमतं, हेही.

'कोणत्या केंद्रावर' या दोन शब्दांपाशी मी थांबलो. मोठ्या अभ्यासात शिकवण्याची पद्धत सगळीकडे एकच ठरवून दिलेली असते. तरी केंद्रागणिक निकाल बदलला. कागदावर न उतरलेलं काहीतरी तिथे काम करत होतं. पहिल्या दिवशी बोट गार पडल्यावर कोणीतरी 'होतं असं, राहू द्या आज' म्हणालं असेल, आणि दुसरीकडे कोणी नुसता आकडा लिहून घेतला असेल. हा माझा तर्क, पण माझ्या अनुभवाशी जुळणारा.

आता बाजारात काय आहे ते बघा. २००२ मध्ये अमेरिकन औषध प्रशासनाने मान्यता दिलेलं रेस्पिरेट हे उपकरण छातीच्या पट्ट्याने श्वास मोजतं आणि त्याहून किंचित संथ सूर वाजवून आपल्याला मागे ओढत नेतं. कल्पना सुंदर, पण रक्तदाबावरच्या परिणामाबद्दल अभ्यास एकमुखी नाहीत. २०१४ मध्ये आलेला म्यूझ हा डोक्याचा पट्टा मेंदूच्या लहरींवरून वाऱ्यापावसाचे आवाज ऐकवतो. २०१६ मध्ये ॲपलच्या घड्याळात श्वासाची सोय आली. फूल उमलतं, मनगट थरथरतं, आपण श्वास घ्यायचा. शेवटी हृदयाचे ठोके दाखवले जायचे, पण फूल मात्र तुमचं काही न ऐकता आपल्या चालीने उमलणार. आमच्या भाषेत ही उघडी साखळी. मोजमाप होतं, पण ते शिकवण्यात परत येत नाही. साठ वर्षं साखळी बंद करायचा खटाटोप करून लाखो मनगटांवर जे पोचलं ते शवासनाच्या कॅसेटच्या जवळचं आहे. त्यात वाईट काही नाही. दात्यांच्या रोग्यांकडे तेवढंच होतं, शिवाय दाब मोजणारे डॉक्टर.

म्हणून कोणी विचारलं की असं यंत्र घ्यावं का, तर मी तीन प्रश्न सुचवतो. एक, ते नेमकं काय मोजतं? बोट, घाम, स्नायू की ठोके? त्याला 'शांती' हे नाव दिलं असेल तर ते नाव बाजूला काढून बघा. दोन, सीमा कोण सरकवतं, आणि तुम्ही बिघडत असताना ती तुमच्या मागे धावते का? तसं असेल तर रोजचा आकडा स्वतःच वहीत लिहा, घंट्या मोजू नका. तीन, पहिल्या चार-पाच बैठकांना शेजारी कोणी बसणार आहे का? तज्ज्ञ मिळाला तर उत्तम. नसेल तर तुमचे खांदे बघून खरं सांगणारं घरातलं माणूस चालेल. आणि रक्तदाबाच्या गोळ्या असतील तर त्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. परळच्या रोग्यांचे डोस डॉक्टरांनी कमी केले होते, शवासनाने नव्हे.

कुवलयानंद आणि बागची दोघेही आधी शिकवणारे होते, यंत्राकडे नंतर गेले. यंत्राने गुरूची परीक्षा घ्यावी, हे त्यांना मनापासून मान्य होतं. शिष्याला पहिल्या दिवशी किती मागायचं, हे मात्र त्यांनी यंत्रावर सोपवलं नसतं असं मला वाटतं. आम्ही कंट्रोलवाले ते सोपवायच्या प्रयत्नात आहोत. जमेलही एखाद दिवशी. तोवर खांदे खाली.